बरणी एकशे चाळीस

पहाटे सव्वातीनला फोन थरथरला.
ऋजुता.
तिकडे पाऊण वाजला असेल,
ढगात गळ्यापर्यंत बुडालेल्या एका डोंगरावर,
ज्याचं नाव मला अजून सरळ म्हणता येत नाही.

फोटोत तिचा हातमोजा, हातमोज्यात एक पाकोळी.
भिजल्या चहापत्तीचा रंग,
नाकावर दुमडलेलं पान,
तोंड असं उघडलेलं
की मलाच रागावतेय.
"फणसेकाका, ही कुठल्याच वर्णनात बसत नाही.
नऊ नंबरचं कपाट, बरणी एकशे चाळीस. बघाल?"

मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली.
किल्ली परत केलीय, सही करून.
पण डिपार्टमेंटचा पगी मला चालीवरून ओळखतो.
दांडिया बाजारातून निघालो,
पुलाखाली विश्वामित्री, काळी, हलत नसलेली,
तिच्यात कुठेतरी मगरी.
कमाटीबागेतली मोठी वटवाघळं घरी परतत होती,
आपसात भांडत, जागेवरून,
जशी रोज भांडतात.

एकशे चाळीस.
स्पिरिट पिवळं पडलेलं.
दर दिवाळीच्या सुट्टीआधी मीच ते वर भरायचो,
एकतीस दिवाळ्या.
बूच मेणानं बंद, आणि पुढची बरणी.
आत लहानसं अंग, डोकं खाली.
मेल्यावरही सवय मोडली नव्हती.

चिठ्ठी पेन्सिलीची, कारण शाई स्पिरिटात पळून जाते:
पाकोळी. सामान्य. १९६१. मोंबासामार्गे.
देणगी, श्री. अमीन, जिनिंगवाले.
कोण हे अमीन?
कापसाच्या धंद्याला गेलेला माणूस
गाठोड्यात हे का बांधून आणतो,
आणि कस्टमच्या रांगेत त्याची बायको काय म्हणाली असेल,
रजिस्टर सांगत नाही.
रजिस्टरात मीही पणसे आहे.
दुरुस्तीचे तीन अर्ज दिले, मग कंटाळलो.

कॅलिपर काढला.
हात हलतो हल्ली,
म्हणून माझं कोपर टेबलावर टेकवलं
आणि तिच्या कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजलं.
त्रेचाळीस पूर्णांक सहा.
पुन्हा, त्रेचाळीस पूर्णांक सहा.
तिसऱ्यांदा पाच आला. तोही लिहिला.
भिंगाखाली वरच्या जबड्यात
तिळाच्या टोकाएवढा एक दात,
दोन मोठ्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेला.
ऋजुता त्याच्याबद्दलच विचारत होती.

तिला तो डोंगर चढायला आठ दिवस लागले.
दोन जाळी फाटली, एकदा ताप आला.
आणि ही इथे,
ज्या फळीखाली मी रोज डबा उघडायचो
तिच्यावर,
साठ वर्षं सामान्य.

नवी म्हणायचं का हिला?
तिच्या वाटाड्याला, मुशीला, तिनं विचारलं म्हणे.
तो हसला.
त्याच्या आजोळी हिला नाव आहे,
अर्थ साधारण, दिवा विझवून जाणारी.
म्हणजे शोध लागला तो आम्हाला.
आणि आमच्यातही सगळ्यांना एकदम नाही.

जुन्या चिठ्ठीवर काही लिहायचं नसतं,
हे मीच पोरांना शिकवलं.
म्हणून नवी कापली.
आकडे लिहिले, तिन्ही.
खाली एक शब्द, तपासावे.
त्याच्याखाली सही.
फ ची गाठ जरा जोरातच वळवली,
कागद फाटता फाटता राहिला.

मग फोन लावला.
तिकडे वारा, तंबूचं कापड फडफडतंय.
आकडा सांगितला.
ती काहीच बोलेना.
"ऐकू आलं का?" मी ओरडलो,
पगी धावत आला, काय झालं, काय झालं.

आणि मग लांबून एक आवाज,
जाड, झोपेतून उठलेला, पुरुषाचा,
माझा आकडा
आपल्या बोलीत
म्हणून बघत होता.